बोलेरोच्या डिफरन्शियलचं झाकण गळतंय, पत्र्याचंच टाकू का ॲल्युमिनियमचं?

सीनाकाठचा_गडी

नमस्कार मंडळी. गाडी बोलेरो, २०११ ची, वडिलांनी घेतलेली, मीटरवर दोन लाख ऐंशी हजार पण मधे वर्षभर मीटर बंद होता त्यामुळं तीनच धरा. आम्ही राहायला जुळे सोलापुरात आणि शेत मोहोळच्या अलीकडं सीनेच्या कडेला, म्हणजे आठवड्यातनं तीन-चार वेळा पुणे हायवे आणि मग आत सहा किलोमीटर पाणंद. कांद्याच्या दिवसात मार्केट यार्डापर्यंत पिशव्या, बाकी वेळेला पेंड, ठिबकच्या नळ्या, माणसं, जे असेल ते भरायचं.

प्रॉब्लेम असा की मागच्या डिफरन्शियलचं (मागच्या ॲक्सलच्या मधोमध असतो तो, इंजिनची ताकद दोन्ही चाकांना वाटणारा गिअरचा गोळा) जे गोल झाकण असतं, मागनं वाकून बघितलं की भोपळ्यासारखं दिसतं ते, त्याच्या खालच्या कडेनं ऑइल पाझरतंय. दिवाळीला पार्किंगच्या फरशीवर रुपयाएवढा डाग होता, आता ताटलीएवढा झालाय. शेजारच्या काकू रोज सकाळी त्या डागाकडं बघून मग माझ्याकडं बघतात. बोलत काही नाहीत, त्याचाच जास्त त्रास होतोय.

मेकॅनिकनं दोनदा झाकण काढून सिलिकॉन लावून दिलं. पहिल्यांदा महिना टिकलं, दुसऱ्यांदा त्यानं मोठा पाना घालून पार अंग टाकून आवळलं तर पंधरा दिवसातच परत ओलं. आता म्हणतो झाकणच गेलंय, बदला. झाकण खालून गंजलेलं आहे हे खरं, पोपडे सुटलेत.

इकडं मेहुण्यानं ॲल्युमिनियमच्या झाकणाची लिंक पाठवली, पंखांसारख्या पट्ट्या असलेलं, म्हणे ऑइल जास्त बसतं आणि थंड राहतं, सोलापूरच्या उन्हात तेच पाहिजे. किंमत बघून मी आधी पाणी पिलो. तर साधं पत्र्याचं टाकू, का बिडाचं जाड मिळतं ते, का हे? आणि हे काम घरी जमण्यासारखं आहे का, माझ्याकडं सॉकेट सेट आहे, हात बऱ्यापैकी चालतो. ऑइल कुठलं तेही सांगा, एकजण ९० नंबर म्हणतो एकजण १४०.

बिनपान्याचा

ॲल्युमिनियमचंच बसवा ओ, मागनं कसलं भारी दिसतंय. सिग्नलला मागचा माणूस बघतच राहतो.

सीनाकाठचा_गडी

भाऊ माझ्या मागं सिग्नलला उसाची ट्रॉली असती, तो काय बघणार.

ओतीव_बीड

मालक, झाकण कुठलं घ्यायचं ते नंतर. दोनदा सिलिकॉन लावून पंधरा दिवसात परत गळतंय म्हणजे आत प्रेशर होतंय का हे आधी बघा, नाहीतर सोन्याचं झाकण बसवलं तरी गळणार.

गाडी चालली की डिफरन्शियल तापतं, आतली हवा फुगती. ती बाहेर जायला ॲक्सलच्या हौसिंगवर, म्हणजे बाहेरच्या लोखंडी कवचावर, वरच्या बाजूला एक बारका ब्रीदर असतो, कुठं नुसती टोपी असती, कुठं रबरी नळी लावून वर चासीला नेलेली असती. आपल्याकडची काळी माती एकदा ओली होऊन त्याच्यावर बसली आणि वाळली की सिमेंट. ब्रीदर बुजला की हवा दुसरी वाट शोधती, मग कधी पुढचं पिनियनचं (इंजिनकडनं फिरणारा बारका गिअर) सील ओलं होतं, कधी चाकाकडचं सील, कधी झाकणाची कड, जिथं कमजोर असेल तिथनं. मी बारा वर्षं गॅरेजात काढली (आता लेथ आहे माझी अक्कलकोट रोडला) आणि झाकण गळतंय म्हणून आलेल्या कित्येक गाड्या मी झाकणाला हात न लावता, फक्त ब्रीदर उघडून घरी पाठवल्यात. त्याचे पैसे मागायला पण लाज वाटायची, पाच मिनिटाचं काम.

दुसरं, गळतंय नक्की कुठनं हे तरी कुणी बघितलंय का? चालत्या गाडीत वाऱ्यानं ऑइल मागं येतं आणि सगळ्यात खाली झाकणाची कड असती म्हणून ठिबकतं तिथनं. मूळ वरनं, पुढनं कुठनंही असू शकतं. सगळं डिझेलनं ब्रश मारून धुवा, कोरडं करा, आणि घरातली अंगाला लावायची पावडर फुंकून सगळीकडं मारा. मग मोहोळला जाऊन या. पांढऱ्यावर ओली रेघ जिथनं सुरू झाली तिथं रोग. ही रेघ चाकाच्या आतल्या बाजूला दिसली तर मात्र थांबू नका, ते ऑइल ब्रेकच्या लायनरवर जातं, आणि मग उतारावर कळतं.

आणि एक विचारतो, सप्टेंबर २०२५ ला सीनेला पूर आला तेव्हा गाडी पाण्यात घातली होती का? खरं सांगा.

सीनाकाठचा_गडी

घातली होती. जनावरं काढायला जावं लागलं, अर्ध्या चाकाच्या वर पाणी होतं, येताना-जाताना मिळून तीन-चार वेळा. त्यानंतर इंजिन ऑइल बदललं, ब्रेक साफ करून घेतले, डिफरन्शियलचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मेकॅनिकनं झाकण काढलं तेव्हा ऑइल कसलं होतं ते मी बघितलं नाही, तो जुनंच गाळून परत भरतो म्हणला होता.

ओतीव_बीड

गाळून परत भरलं? धन्य.

मग तर उघडाच. तापलेलं हौसिंग गार पाण्यात बुडलं की आतली हवा एकदम आकसती आणि बाहेरचं पाणी आत ओढून घेती. ब्रीदर उघडा असंल तर तिथनं, बुजलेला असंल तर सीलच्या ओठातनं. ऑइल काढल्यावर रंग बघा, चहात दूध घातल्यासारखं दिसलं तर पाणी गेलंय, आणि मग ते ऑइल एक दिवस पण ठेवायचं नाही. क्राऊन (आतला मोठा गोल गिअर) आणि पिनियनचे दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासत घसरतात, कारण पिनियन क्राऊनच्या मध्याच्या खाली बसवलेला असतो. त्या घसरण्याला टिकणारा ऑइलचा थर पाण्यानं फाटतो. बेअरिंगला गंज धरतो तो वेगळाच.

आता झाकणाचं. पत्र्याचं, म्हणजे कंपनीचं असतं तेच, त्यात वाईट काही नाही. आतनं बघितलं तर त्याचा आकार क्राऊनच्या गोलाईला धरून असतो. क्राऊन ऑइलमधे बुडून वर फेकतो, ते झाकणाच्या आतल्या गोलाईवरनं घसरत वरनं पुढं पिनियनच्या बेअरिंगपर्यंत जातं. अमेरिकेत गेल बँक्स म्हणून डिझेलवाला माणूस आहे, त्यानं पारदर्शक झाकण लावून हे सगळं व्हिडिओत दाखवलंय. त्याचं म्हणणं असं की बरीचशी दिसायला दणकट, मागनं सपाट झाकणं ऑइलची वाट मोडतात, फेस करतात. तो स्वतः झाकणं विकतो हे पण लक्षात ठेवा, पण गोलाईचा मुद्दा डोक्याला पटतो.

पंखवाल्याचं थंड होणं खोटं नाही, पण ते कुणाला लागतं? तासन् तास मागं जड ट्रेलर ओढत घाट चढणाऱ्याला. तुमच्या चाळीस किलोमीटरच्या कांद्याला नाही. सोलापूरला बाहेर चव्वेचाळीस डिग्री असलं तरी आत गिअर ऑइल त्याच्या कितीतरी वर तापलेलं असतंच आणि ते त्यासाठीच बनवलेलं असतं. ऑइल जास्त बसतं म्हणतात त्यात एक गोम आहे. लेव्हल ठरवती ती भरायच्या बोल्टची उंची. नव्या झाकणात ते भोक मूळच्यापेक्षा वर असंल आणि तुम्ही तिथपर्यंत भरलं तर ऑइल चढतं ॲक्सलच्या नळ्यांत आणि तिथनं सीलवर. म्हणजे गळती थांबवायला हजारो रुपये घालून नवीन गळती आणली.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: लिंकवरची झाकणं बहुतेक अमेरिकन ॲक्सलची असतात, डाना ४४, फोर्डचं ८.८ इंची, जीएमचं १४ बोल्टवालं. बोल्ट मोजून सारखे आले म्हणजे बसलं असं नाही, भोकाभोकातलं अंतर, बाहेरचा घेर आणि आत क्राऊनला मोकळी जागा, तिन्ही जुळायला पाहिजे. मेहुण्यांना म्हणावं तुमच्या गाडीला लावून दाखवा.

बिडाचं जाड झाकण खडकावर जीप चढवणाऱ्यांसाठी. दगड बसला की पत्रा आत दबतो आणि क्राऊनला लागतो, बीड दबत नाही. तुम्ही रिव्हर्स घेताना बांधावर आपटत असाल तर विचार करा, नाहीतर नको. ॲल्युमिनियमचं पातळ ओतीव असंल तर दगडाला तडकतं, हे पण बघा.

दहाचाकी

बोलेरोला झाकण तरी हाय. आमच्या टाटाच्या ट्रकला मागं जो टोप दिसतोय तो वेल्डिंगचाच हाय, निघत न्हाई. लोकं मागं वाकून बोल्ट शोधलालेत. आमचं डिफरन्शियल पुढनं निघतंय, दोन्ही बाजूचे ॲक्सल उपसायचे, जॉइंट सोडायचा, आन मग चार माणसं लावून सगळा गोळा पुढनं बाहेर. इनोव्हा फॉर्च्युनरचं पण मागनं झाकण निघत न्हाई, तसंच पुढनं. म्हणून कुणी दुकानात नुसतं "डिफरन्शियलचं झाकण द्या" म्हणून जाऊ नका, गाडी, वर्ष, आन जमलं तर जुनं झाकण हातात घेऊन जावा.

बाकी आमचा क्लीनर डिफरन्शियलला डिप्रेशन म्हणतोय. परवा हुबळीच्या अलीकडं फोन करून सांगितला, मालक गाडीला डिप्रेशन आलंय, मागनं रडलालीय. मी म्हणलं मला पण आलंय, आता काय करू सांग.

ब्रीदरचं मात्र शंभर टक्के. विजापूरच्या पुढं खडीच्या गाडीला तीनदा पिनियन सील टाकलो, तिन्ही वेळेला गेलं. चौथ्या वेळेला एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं वरची टोपी बोटानं फिरवली तर फिरंना. डिझेलमधे भिजवून, तार घालून मोकळी केली. तवापासून तेच सील चालूय.

सीनाकाठचा_गडी

उघडलं. रविवारी सकाळी सुरू केलं, दुपारी भाकरी खाली बसूनच खाल्ली.

आधी पावडर मारून शनिवारी मोहोळ करून आलो. ओली रेघ दोन ठिकाणी, एक झाकणाच्या उजव्या खालच्या बोल्टजवळ आणि दुसरी पुढं पिनियनच्या सीलखाली, बारीक. चाकांकडं कोरडं आहे, देवाची कृपा.

ब्रीदरला आमच्या गाडीत नळी आहे, वर चासीकडं गेलेली. तिच्या तोंडावरची टोपीच नाही, कधी पडली देव जाणे. आणि नळीच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलंय. गच्च. स्क्रू ड्रायव्हरनं टोकरलं तर आतनं वाळक्या अळ्या पडल्या, बोटाच्या पेराएवढा मातीचा गड्डा निघाला. नळी ॲक्सलकडनं उपसली तशी "फुस्स" करून हवा आली, गाडी रात्रभर उभी असून. मी तिथंच खाली आडवा पडून हसायला लागलो, वडील वाकून बघायला लागले याला काय झालं म्हणून.

ऑइल: दुधाळ. एकदम चहा नाही पण कॉफी म्हणा. वास असा की तोंडात चव आली, कुजकी अंडी आणि गंधक. बायकोनं कपडे बाहेरच काढायला लावले. खालच्या बोल्टच्या मॅग्नेटवर करडा लगदा होता, टूथपेस्टसारखा, त्यात बोटं फिरवून बघितलं, टोचणारं काही नाही. दाते टॉर्चनं सगळे फिरवून बघितले, तुटलेला एकही नाही, फक्त बेअरिंगच्या कॅपवर तांबूस गंजाची रेघ आहे.

झाकणाचं म्हणाल तर कड खालच्या बाजूला खड्डे खड्डे झालीय, नखाला लागतात. आणि बोल्टच्या भोकांभोवती पत्रा आत दबलाय, वाटीसारखा.

आता पुढं? ते झाकण ठोकून सरळ करून चालेल का?

ओतीव_बीड

माशीनं तुमचे पैसे वाचवले म्हणायचे, नाहीतर ॲल्युमिनियमचं मागवून मोकळे झाला असता.

भोकांभोवतीच्या वाट्या त्या मोठ्या पान्याच्या. पत्र्याचं झाकण जास्त आवळलं की बोल्टजवळ दबतं आणि दोन बोल्टच्या मधली जागा वर उचलती, तिथनं ऑइल येतं. मग माणूस अजून आवळतो. नुसत्या वाट्या असत्या तर लोखंडी ठोकळ्यावर उलटं ठेवून हलक्या हातानं ठोकून सरळ झालं असतं, काचेच्या तुकड्यावर कड टेकवून मागनं टॉर्च मारायचा, उजेड कुठं दिसत नसंल तर पास. पण कडेलाच गंजाचे खड्डे आहेत म्हणता, मग सोडून द्या. नवीन पत्र्याचं कंपनीचंच घ्या, जुनं सोबत न्या, भोकावर भोक ठेवून बघा, आतला फुगवटा सारखा आहे का बघा. हलक्यातलं डुप्लिकेट हातात घेतलं की कळतं, पत्रा पातळ आणि कड चमच्यासारखी हलती. नवीन झाकणाला बाहेरनं रंग चांगला असंल तरी चिखलात जाणारी गाडी आहे, अजून एक हात काळा रंग मारा, कडेला आणि आतनं मात्र रंगाचा थेंब नको.

बसवताना सगळी मेहनत साफ करण्यात आहे. हौसिंगच्या तोंडावरचं जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या किंवा पितळी पट्टीनं खरवडा, ग्राइंडरचं चाक लावू नका, तो रेतीसारखा कीस बेअरिंगमधे गेला की संपलं. खरवडताना आत स्वच्छ फडकं कोंबून ठेवा आणि झाकण लावायच्या आधी ते काढायला विसरू नका (हसू नका, मी विसरलेलं बघितलंय). मग ब्रेक क्लीनर मारून दोन्ही तोंडं एवढी कोरडी करा की बोट फिरवलं तर करकर वाजलं पाहिजे. ऑइलचा एक ओघळ वरनं परत येतोच, म्हणून रात्रभर निथळू द्या आणि सकाळी परत पुसा.

सिलिकॉन गिअर ऑइलला चालणारं असं ट्यूबवर लिहिलेलं बघून घ्या. तीन मिलीमीटरची एकसलग दोरी, बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूनं, प्रत्येक भोकाला वळसा घालून. जास्त घातलं तर आत दाबलं जातं, तुकडे तुटून ऑइलमधे फिरतात. झाकण ठेवा, बोल्ट नुसते बोटानं बसतील एवढे लावा, आणि तासभर गाडीपासून लांब जा. मग समोरासमोरचे असे आळीपाळीनं आवळा. एम ८ चा बोल्ट असंल तर पंचवीस न्यूटन मीटरच्या आसपास पुरतं, मॅन्युअलात आकडा असंल तर तोच धरा, आणि टॉर्क पाना नसंल तर लहान रॅचेट मनगटानं, खांद्यानं नाही. ऑइल दुसऱ्या दिवशी. ह्या एका रात्रीसाठी लोकांचा जीव जातो, लगेच ऑइल ओततात आणि मग सिलिकॉनला शिव्या देतात.

कडक_भाकरी

सिलिकॉन कशाला, कागदी पॅकिंग का नको? आमच्याकडं आजोबांची जीप आहे, तिला कायम पॅकिंग. पॅकिंगचा शीट हौसिंगच्या तोंडावर धरायचा आणि गोल तोंडाच्या हातोडीनं कडेकडेनं टकटक मारत जायचं, आपोआप कापत जातं, भोकं पण तशीच पाडायची. आजोबा हे असं करायचे की बघत बसावं. चाळीस वर्षांत गळली नाही.

ओतीव_बीड

चालतं की. कंपनीनं पॅकिंग दिलं असंल तर पॅकिंगच लावा, कोरडं किंवा हलका हात शेलॅकचा. फक्त पॅकिंगपण आणि वर जाड सिलिकॉनपण असं दोन्ही नको, आवळताना पॅकिंग घसरून फाटतं. आणि आजोबांच्या जीपचं झाकण कुणी अंग टाकून आवळलेलं नसणार, हा पण फरक आहे.

दहाचाकी

एक राह्यलं. ऑइल सोडायच्या आधी भरायचा बोल्ट उघडतोय का बघायचा. आधी खालचं सोडून बसलात आन वरचा बोल्ट गंजून अडकला तर गाडी तिथंच, ना ऑइल ना काय. आमच्या एका पोरानं टेंभुर्णीला हेच केलं, वरच्या बोल्टचे कोपरे गोल झाले, शेवटी वेल्डिंगवाल्याला बोलावून त्याच्यावर नट चिकटवून फिरवला. दिवस गेला.

आन गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर जाऊ नका मालक. घोड्या (जॅक स्टँड) लावा, पुढच्या चाकांना दगड लावा. पण ऑइल भरताना, लेव्हल बघताना गाडी सपाट पाहिजे, मागनं उचललेली असंल तर लेव्हल चुकती.

सीनाकाठचा_गडी

वरचा बोल्ट आधीच उघडला होता, तो निघाला. घोड्या शेजारच्या टायरवाल्याकडनं आणल्या.

आता ऑइलचं सांगा, ९० का १४०? पाणी गेलंय म्हणून जाड टाकावं म्हणतात.

ओतीव_बीड

जाड ऑइलनं पाणी बरं होत नाही आणि गळती पण थांबत नाही, चार दिवस लपती. मॅन्युअलात जे असंल ते, साधारण ८०डब्ल्यू-९० येतं, डब्यावर जीएल-५ लिहिलेलं पाहिजे. हायपॉइड दात्यांना, म्हणजे वर सांगितलं तसल्या घसरत चालणाऱ्यांना, तेच लागतं. उरलेलं गिअरबॉक्समधे ओतू नका, तिथं जीएल-४ सांगितलेलं असंल तर जीएल-५ नं पितळी रिंगांचं वाटोळं होऊ शकतं. ८५डब्ल्यू-१४० कायम ओव्हरलोड चालणाऱ्या जुन्या गाड्यांत टाकतात, मॅन्युअल परवानगी देत असंल तरच.

भरायच्या भोकातनं ऑइल बाहेर यायला लागलं की थांबा, संपलं. आणि पाणी गेलेलं होतं म्हणून दोन-चारशे किलोमीटरला हे पण ऑइल काढा, परत नवीन भरा. कोपऱ्यात राहिलेलं पाणी पहिल्या ऑइलबरोबर निघून येतं. महाग वाटंल, पण बेअरिंगच्या किमतीपुढं काही नाही. त्या दोन-चारशे किलोमीटरमधे साठ-सत्तरच्या स्पीडला कान द्या. ॲक्सिलरेटर दाबला की घोंगावतंय आणि पाय काढला की आवाज बदलतोय असं झालं तर पिनियनचं बेअरिंग बघायला लागंल, आणि ते घरी करायचं काम नाही, तिथं मिलीमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागाचा हिशोब असतो.

पिनियनचं सील आत्ता बदलू नका. ब्रीदर मोकळा झालाय, कदाचित ते आपोआप कोरडं होईल. ब्रीदरच्या नळीला टोपी घाला मात्र, नाहीतर माशी परत भाड्यानं येईल.

बिनपान्याचा

मी आपला लुकचं बोललो होतो, इथं तर पीएचडी चाललीय.

सीनाकाठचा_गडी

तीन आठवड्यांनी सांगतोय, उशिराबद्दल माफी, मधे डाळिंबाची फवारणी होती.

झाकण पत्र्याचंच घेतलं, जुनं हातात घेऊन गेलो. पहिल्या दुकानातलं झाकण भोकाला भोक जुळलं पण फुगवटा कमी होता, दुकानदार म्हणला बसतंय ओ, सगळे हेच नेतात. मी दोन्ही पालथी घालून शेजारी शेजारी ठेवली तर चांगला अर्ध्या बोटाचा फरक. नाही घेतलं. दुसऱ्या दुकानात कंपनीचं मिळालं, बॉक्समधलं, आणि ऑइलपेक्षा स्वस्त पडलं म्हणजे बघा.

बसवताना तुम्ही सांगितलेलं सगळं केलं, रात्रभर निथळवलं, तासभर लांब गेलो, दुसऱ्या दिवशी ऑइल. हौसिंगमधल्या एका बोल्टच्या भोकाचे आटे आधीच गेलेले निघाले, जुन्या आवळण्याचा प्रसाद. लेथवाल्याकडनं जागेवरच आटे पाडून, आत स्प्रिंगसारखी गुंडाळी बसवून घेतली, ते बसवताना आत मॅग्नेट आणि फडकं ठेवलं होतं. ब्रीदरला नवीन नळी, जुन्यापेक्षा वीतभर उंच नेली, तोंड खाली वळवून टोपी घातली.

तीनशे किलोमीटरला ऑइल परत काढलं. किंचित धुरकट होतं, दुधाळ नाही. आता दुसरं भरलंय, आवाज काही नाही, पिनियनचं सील कोरडं. परवा परत पावडर मारून पंढरपूरला जाऊन आलो, आल्यावर वाकून बघितलं तर पावडर होती तशी पांढरी, फक्त धूळ.

जुनं झाकण वडिलांनी शेतात नेलं, कोंबड्यांना पाणी ठेवायला. मी म्हणलं त्याला गंधकाचा वास आहे. ते म्हणले घासतो राखेनं. मी फेकून द्या म्हणलोय, बघू कोण जिंकतं.

आणि पार्किंगमधे आता जो नवीन डाग पडायला लागलाय तो काकूंच्या मुलाच्या बाईकचा आहे. मी गप्प आहे.

बिनपान्याचा

त्याला पावडर मारून बघ म्हणावं.